निंबाच्या सावलीत उचललेली पिकअप : एक प्रकरण अभ्यास

रावेर तालुक्यातील तापीकाठच्या एका शिवारात, मे महिन्याच्या अखेरीस, केळीने भरलेली एक पिकअप चालकाला शेतरस्त्यावरच थांबवावी लागली. इंजिन व्यवस्थित चालू होते. परंतु गिअर टाकताना मागून खट्‌कन आवाज येत होता आणि वेग थोडा वाढवताच गाडीचा तळ थरथरत होता. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनचा फेरा मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, मागचा क्रॉस (चार टोकांचा सांधा) खराब झाल्याची ही लक्षणे कोणताही अनुभवी चालक ओळखतो. अशा अवस्थेत गाडी पुढे रेटल्यास शाफ्ट निसटून रस्त्यावर आपटण्याची भीती असते, म्हणून त्याने गाडी थांबवली, आणि हा त्याचा निर्णय योग्यच होता. पुढे जे घडले त्याची मांडणी मी येथे तपशिलाने करीत आहे, कारण मोटार मेकॅनिक व्यवसायाच्या मुलांना शिकवताना गाडी उचलण्याचे जे नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून देत आलो, त्यांतील एक महत्त्वाची उणीव या प्रकरणाने मला दाखवून दिली. गॅरेजचे आणि माणसांचे नाव मी देत नाही. मिस्त्री माझे जुने विद्यार्थी आहेत आणि त्यांनी व जखमी मुलाने ही हकिकत लिहिण्यास संमती दिली आहे.

चालकाने फोन केल्यावर मिस्त्री आणि त्यांचा १९ वर्षांचा मदतनीस मोटारसायकलवरून तेथे पोहोचले. दुपारचे साडेबारा वाजले होते. मे महिन्यात रावेर-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, लोखंडाला उघड्या हाताने स्पर्श करवत नाही, आणि गाडीखाली तापलेल्या सायलेन्सरची धग वेगळी असते. म्हणून गाडी ३०-४० पावले मागे घेऊन बांधावरच्या निंबाच्या सावलीत उभी करण्यात आली. पुढच्या साऱ्या घटनेचे मूळ या जागेच्या निवडीत आहे, आणि तरीही या निवडीबद्दल मला कोणालाही दोष द्यावासा वाटत नाही. ४५ अंशांच्या उन्हात सावली शोधणे ही माणसाची चूक म्हणता येत नाही. मात्र त्या सावलीत ठिबकची एक उपनळी दोन दिवसांपासून गळत होती. रस्त्याचा उजवा भाग दाबलेल्या मुरुमाचा आणि कोरडा होता, तर डाव्या कडेची काळी माती वरून सुकल्यासारखी दिसत असली तरी खाली पूर्ण भिजलेली होती. शिवाय तेथे रस्त्याला गाडीच्या मागच्या बाजूला उतार होता.

मागच्या क्रॉसचा जोड डिफ्रन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना फेरा वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) फ्लँजला, म्हणजे जोडचकतीला, चार बोल्टांनी बसवलेला असतो. खाली झोपलेल्या माणसाच्या हाताला त्यांपैकी दोनच बोल्ट नीट लागतात. उरलेले दोन वरच्या बाजूला, गाडीच्या तळाकडे असतात. ते खाली आणायचे तर शाफ्ट फिरवावा लागतो, आणि शाफ्ट हाताने फिरवता यावा म्हणून मागचे एक चाक जमिनीवरून उचलून गाडी न्यूट्रलला ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. येथेही तेच झाले. डाव्या मागच्या चाकाजवळ, एक्सलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, नळीखाली, २ टनांचा बाटली जॅक लावण्यात आला. माती मऊ असल्याचे मिस्त्रींच्या लक्षात आले होते, म्हणून त्यांनी जॅकखाली बांधावरचा एक चपटा दगड ठेवला. उजव्या मागच्या चाकामागे नदीतला एक गोटा लावला. पुढच्या चाकामागे केळी कापणाऱ्या मजुरांपैकी एकाने, हाताशी होता म्हणून, केळीच्या खांबाचा तुकडा टाकला. चाक सहा-सात सेंटिमीटर उचलले गेले, हँडब्रेक सोडला, गिअर काढला, शाफ्ट फिरतो याची खात्री केली. मग नवा क्रॉस आणण्यासाठी मिस्त्री सावद्याकडे निघाले आणि जाताना मुलाला म्हणाले, ‘मी येईस्तोवर बोल्ट ढिले करून ठेव.’

दोन बोल्ट ढिले झाले. तिसरा गंजून घट्ट बसलेला होता. मुलाने रिंग पान्याच्या टोकात हातभर लोखंडी पाइप घातला आणि दोन्ही हातांनी ओढ दिली. त्याच वेळी चालक केबिनमध्ये ठेवलेला फोन घेण्यासाठी एक पाय आत टाकून वर चढत होता, कारण पलीकडे केळीचा ट्रक भरायचा थांबला होता आणि व्यापाऱ्याचे फोनावर फोन येत होते. गाडी मागे सरकली, जॅक कलंडला, एक्सल जॅकच्या डोक्यावरून घसरला आणि उचललेले चाक जमिनीवर आदळले. पाठोपाठ भरलेली गाडी उतारावर मागे चालू लागली. चालकाने आसनावर अंग टाकून पायाचा ब्रेक दाबला, तोवर ती सुमारे ३० सेंटिमीटर सरकली होती. मुलाच्या उजव्या हाताचे हाड मनगटाच्या वर मोडले. पुढे शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागली आणि तीन महिने त्याला काम करता आले नाही.

गाडीचा भार त्याच्या अंगावर आला नाही, कारण चाक जागेवर होते. हेच काम चाक काढलेल्या अवस्थेत चालू असते, तर एक्सल आणि जमीन यांच्यामध्ये त्याला जागा उरली नसती.

लगेचच्या धावपळीतली एक गोष्ट मला अपघाताइतकीच गंभीर वाटते. मुलाची किंकाळी ऐकताच चालक ब्रेकवरचा पाय काढून खाली उडी मारून धावला, आणि मजूर मुलाला पाय धरून ओढू लागले. हँडब्रेक सुटलेलाच होता, गिअर नव्हता, चाकामागे अडवणारे काही उरले नव्हते. गाडी पुन्हा वीतभर मागे आली आणि डावे चाक स्वतःच केलेल्या ओल्या चरीत रुतल्यामुळे थांबली. मदतीला धावणाऱ्यांनी सर्वांत आधी चाकांच्या मागे दगड लावायचे असतात, ब्रेकवर बसलेल्या माणसाने हँडब्रेक ओढून गिअर टाकल्याशिवाय पाय उचलायचा नसतो, आणि माणूस लोखंडाखाली दबलेला असेल तर त्याला ओढण्याऐवजी दुसऱ्या जॅकने भार उचलून, खाली आधार देऊन, मगच बाहेर काढायचे असते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना अर्धा मिनिट लागतो. पण या तिन्ही गोष्टी आधी कोणी सांगितल्या नसतील तर ऐन वेळी सुचत नाहीत.

दुसऱ्या दिवशीची पाहणी

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी मला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तेथे पोहोचलो. गाडी जागेवरच होती. तोपर्यंत सगळ्यांचे मत ठरून गेले होते की जॅक खराब होता, त्याने तेल सोडले आणि गाडी खाली आली. चालकाचे हेच म्हणणे होते, शेतमालकाचेही, आणि स्वतः मिस्त्रींनाही तसेच वाटत होते. नवा जॅक घेतला की प्रश्न मिटला, अशी त्यांची समजूत झालेली दिसली, म्हणून पहिल्यांदा या आळाचीच तपासणी करणे मला आवश्यक वाटले.

रिकामी पिकअप सुमारे १,७०० किलोंची होती आणि तिच्यात अंदाजे १,५०० किलो केळी होती, म्हणजे एकूण भार ३,२०० किलोंच्या आसपास. केळीचा बहुतेक भार मागच्या एक्सलवर येत असल्याने त्या एक्सलवर साधारण २ टन, आणि एक बाजू उचलली तर जॅकवर सुमारे १ टन येत होता. २ टनांच्या जॅकला हा भार जड नव्हता. बाटली जॅकमध्ये लहान दट्ट्याने दाबलेले तेल मोठ्या दट्ट्याला वर ढकलते आणि एकमार्गी झडप ते परत येऊ देत नाही. सील झिजलेले असेल किंवा झडपेत कचरा अडकला असेल, तर जॅक हळूहळू बसतो आणि दट्ट्याभोवती तेलाचे ओघळ दिसतात. या जॅकवर असा ओघळ नव्हता. मी तो गॅरेजवर नेऊन काँक्रीटच्या फरशीवर तेवढ्याच भाराखाली, शेजारी घोडी (भार टेकवून ठेवायचा लोखंडी स्टँड) लावून, अर्धा तास ठेवला आणि खडूने खूण करून पाहिले. तो जराही उतरला नाही. जॅकने आपले काम केले होते.

जमिनीवरच्या खुणा मात्र बोलक्या होत्या. जॅकखालचा दगड सुमारे २५ बाय २० सेंटिमीटरचा होता आणि त्याची मागची कड चार बोटे मातीत रुतलेली होती, पुढची कड मात्र जवळजवळ वरच होती. हिशेब साधा आहे. १,००० किलोंचा भार ५०० चौरस सेंटिमीटरांवर टेकला की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ किलो येतात. भिजलेली काळी माती चौरस सेंटिमीटरला एक किलोसुद्धा भरवशाने सोसत नाही. तापीच्या खोऱ्यातील ही माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी मऊ होते, आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे ती पीक पोसते, त्याच गुणामुळे ती गाडी पेलत नाही. दगड नसता तर स्थिती याहून वाईट झाली असती, कारण जॅकचा स्वतःचा तळ जेमतेम १२ बाय ११ सेंटिमीटरचा असतो आणि तेव्हा दाब साडेसात किलोंच्या वर गेला असता. म्हणजे मिस्त्रींनी दगड ठेवला हा विचार बरोबर होता. दगड पुरेसा मोठा नव्हता, एवढेच. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे अर्ध्या मीटरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्या सांध्यावर जाड लोखंडी पत्रा टाकला असता, तर ५० बाय ५० सेंटिमीटरचा पाया मिळाला असता आणि दाब चौरस सेंटिमीटरला ०.४ किलोवर आला असता. ओल्या मातीतही तेवढा दाब निभावला असता.

रस्त्याचा उतार मी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजला. मीटरला ४ सेंटिमीटर निघाला. डोळ्यांना तो उतार वाटतही नव्हता. मलाही वाटला नव्हता. परंतु ३,२०० किलोंच्या गाडीला एवढा उतार सुमारे १२८ किलो भाराइतक्या जोराने मागे ढकलतो. त्यातला काही जोर चाकांच्या घर्षणात जिरतो आणि उरलेला चाकामागच्या अडणीला सोसावा लागतो. ती अडण काय होती? उजव्या चाकामागचा गोटा कडक मुरुमावर घसरत गेल्याची स्वच्छ रेघ दिसत होती, आणि केळीच्या खांबाचा तुकडा पोळीसारखा चपटा झाला होता. केळीच्या खांबात बहुतांश पाणीच असते. चाकाला लावायची उटी पाचरीच्या आकाराची, कठीण लाकडाची, चाकाच्या उंचीच्या निदान पाव भागाएवढी हवी आणि ती टायरच्या रुंदीला पूर्ण चिकटून बसायला हवी. बैलगाडी घाटात थांबवताना आपले आजोबा हे बिनचूक करीत असत.

जॅकचे शेवटचे गणितही सांगतो. तो सुमारे ३० सेंटिमीटर उंच उभा होता. त्याचे डोके ५ सेंटिमीटर मागे गेले की तो साडेनऊ अंशांच्या आसपास कलतो, आणि एक्सलची नळी गोल असल्यामुळे एवढ्या कलण्यानंतर ती त्याच्या डोक्यावर थांबत नाही. बाटली जॅक सरळ खाली येणारा भार पेलण्यासाठी बनवलेला असतो. आडवा धक्का सोसण्याची ताकद त्याच्यात नसते. काठीवर उभे केलेले ओझे आणि तो यांत फारसा फरक नाही.

धक्का नेमका कोणाचा होता, हे मी ठरवू शकलो नाही. मुलगा सांगतो की त्याने पाइपला ओढ दिली, बोल्ट हलला नाही आणि गाडीच हलली. चालक प्रामाणिकपणे सांगतो की त्याच क्षणी तो वर चढत होता. हातभर पाइप लावून दोन्ही हातांनी ओढणारा तरुण ४०-५० किलोंचा जोर सहज लावतो, आणि केबिनमध्ये चढणाऱ्या माणसाचा धक्काही एका बाजूने उचललेल्या गाडीला कमी नसतो. उचललेल्या गाडीत कोणी चढू नये हा नियम चालकाने मोडला, आणि तो गाडीत होता म्हणूनच ब्रेक दाबला गेला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक दुसरीला खोडून काढत नाही.

काम स्वतःच आधार काढून घेते

आता मी ज्या उणिवेचा उल्लेख सुरुवातीला केला तिच्याकडे येतो. मी मुलांना शिकवीत असे : समतल जागा पाहा, हँडब्रेक ओढा, पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका, चाकांना उटी लावा, मग जॅक लावा, मग घोडी. हे सारे बरोबर आहे. परंतु या प्रकरणात हँडब्रेक आणि गिअर विसरले गेले नव्हते. ते जाणूनबुजून काढले होते, कारण ते काढल्याशिवाय शाफ्ट फिरत नाही आणि शाफ्ट फिरल्याशिवाय बोल्ट निघत नाहीत. हँडब्रेकच्या तारा मागच्या दोन चाकांच्या ड्रमला धरतात. गिअर चाकाला थेट धरत नाही. तो शाफ्टला धरतो, आणि शाफ्टमार्फत डिफ्रन्शियलला. एक मागचे चाक हवेत असले की डिफ्रन्शियलमुळे ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते, म्हणजे तेव्हा गिअर टाकलेला असूनही गाडी सरकू शकते. आणि शाफ्ट निघाल्यावर तर गिअरचा चाकांशी काहीही संबंध उरत नाही. नियमांच्या यादीत ‘गिअर टाका’ असे लिहिलेले असते, पण हे काम त्या नियमाचा अर्थच पुसून टाकते.

म्हणून गाडीखाली जाण्याआधी विचारायचा प्रश्न मी आता वेगळ्या शब्दांत मांडतो : या क्षणी गाडीला कशाने धरले आहे, आणि मी जे उघडणार आहे ते त्यांपैकीच एक आहे का? हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. प्रत्येक भाग सुटल्यावर तो पुन्हा विचारावा लागतो.

हाताचे हाड कसे मोडले, हेही याच विचारातून समजले. चाक जमिनीवर आदळताच गाडी मागे चालू लागली, चाकांनी डिफ्रन्शियल फिरवले आणि डिफ्रन्शियलने शाफ्ट. पिकअपच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट साधारण चार फेरे घेतो. त्यामुळे गाडी केवळ ३० सेंटिमीटर सरकली तरी शाफ्ट अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला, आणि त्याच्यावर अडकलेला पाना पाइपसकट अर्धे वर्तुळ फिरून मुलाच्या हातावर आदळला. हात पाइप आणि चेसीचा (गाडीच्या सांगाड्याचा) आडवा पत्रा यांच्यामध्ये सापडला. गाडी अंगावर न येतासुद्धा तिच्याखाली माणूस कसा जायबंदी होतो, याचे एवढे स्पष्ट उदाहरण मी यापूर्वी पाहिले नव्हते.

जॅक न लावता झालेले काम

पाहणीनंतर आम्ही तेच काम पूर्ण केले. आधी केळी दुसऱ्या गाडीत भरली. मग एक जण ब्रेकवर बसून ट्रॅक्टरने पिकअप हळूहळू ओढून शेतमालकाच्या घरासमोरच्या समतल, टणक अंगणात आणली. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उट्या लावल्या. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवण्यास मी सांगितले होते. खाली जाऊन, हाताला लागणारे दोन बोल्ट काढले. बाहेर येऊन, पाना आणि हत्यारे बाहेर काढून, उट्या सोडल्या आणि चौघांनी गाडी सुमारे २८ सेंटिमीटर ढकलली, कारण तेवढ्या अंतरात शाफ्ट अर्धा फिरतो आणि वरचे बोल्ट खाली येतात. पुन्हा उट्या, पुन्हा हँडब्रेक, पुन्हा खाली. ढकलताना गाडीखाली कोणी नव्हते. शाफ्ट सुटण्यापूर्वी तो दोरीने चेसीला बांधला आणि फ्लँजवर पंचाने खूण केली, म्हणजे परत बसवताना जोड त्याच जागी यावा आणि नवी थरथर निर्माण होऊ नये.

एकही चाक जमिनीवरून उचलावे लागले नाही. चारही बोल्ट पाऊण तासात निघाले आणि क्रॉस शिकंज्यात धरून बदलण्यास तेवढाच वेळ लागला. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सर, वीस वर्षे मी हे चाक उचलूनच करतो आहे.’ मी त्यांना हेच सांगितले की मीही त्यांना तसेच शिकवले होते.

जिथे उचलावेच लागते

पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलणे, ब्रेक ड्रम काढणे, एक्सल ओढणे ही कामे गाडी न उचलता होत नाहीत. तेथे काही गोष्टींना पर्याय नाही. चाकाचे नट आणि घट्ट बसलेले मोठे बोल्ट गाडी चारही चाकांवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे. उचललेल्या गाडीखाली पान्याला पाइप लावून ओढायचे नाही. मागची बाजू उचलायची असेल तर उट्या पुढच्या चाकांना लागतात, कारण हँडब्रेक धरतो ती चाके त्या वेळी हवेत असतात. गाडीत माल असेल तर तो आधी उतरवायचा. केळी मऊ पडेल, ट्रक थांबला आहे, अशी घाई असते हे मी जाणतो. पण १,५०० किलो उतरवण्यास चार मजुरांना जेमतेम अर्धा-पाऊण तास लागतो.

घोडी कोठे लावायची, हे कामावर ठरते, आणि येथेही मघाचाच प्रश्न उपयोगी पडतो. ब्रेकचे काम असेल तर घोडी एक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या बैठकीजवळ लावलेली चांगली, कारण मग पाटे दाबलेलेच राहतात आणि गाडी कमी उचलावी लागते. पाटे किंवा ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट काढायचे असतील तर एक्सलखाली लावलेली घोडी फसवी ठरते. पाटा सुटताच चेसीचा आधार जातो आणि चेसी खाली येते. तेव्हा घोड्या चेसीच्या उभ्या पट्ट्यांखाली, दोन्ही बाजूंना, सारख्या उंचीवर लागतात, आणि एक्सलला वेगळा जॅक देऊन पाट्यावरचा ताण काढावा लागतो. घोडीवर भार पूर्ण उतरवल्यानंतर, कोणी खाली जाण्यापूर्वी, बाहेर उभे राहून गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहायची. पडायची असेल तर ती तेव्हाच पडू द्यावी. काढलेले चाक चेसीखाली आडवे सरकवून ठेवायचे. रिम आणि टायर मिळून माणसाला श्वास घेण्याएवढी जागा राखतात.

घोडीसुद्धा तपासून घ्यावी लागते. दातेरी पट्टीच्या घोडीत खिट्टी दात्यात पूर्ण बसली आहे का, हे हाताने दाबून आणि डोळ्यांनी पाहावे. अमेरिकेत २०२० साली एका मोठ्या विक्रेत्याला अशा १० लाखांहून अधिक घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण दात्यांवर खिट्टीची पकड अपुरी होती आणि घोडी भाराखाली अचानक खाली बसू शकत होती. पिनेची घोडी मला अधिक पसंत आहे. तिची उंची पायरीपायरीने बदलते हे खरे, पण पिन आरपार गेली की नाही हे लहान मुलालाही दिसते. मूळ पिनेच्या जागी बोल्ट किंवा खिळा घातलेली घोडी वापरू नये.

विटांच्या चळतीवर गाडी ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्वदूर आहे. वीट पसरलेला भार भिंतीत चांगला सोसते. पण लोखंडाच्या कडेने एका रेघेवर दाब दिला की ती कोणतीही सूचना न देता फुटते, आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्याचे तसेच. लाकूड आधी करकरते, चेपते, मग मोडते. निवड करायचीच असेल तर लाकडाचे ओंडके एकावर एक आडवे-उभे रचून चौकट करावी.

खड्डा हा लहान गॅरेजसाठी उत्तम उपाय आहे, कारण त्यात गाडी चारही चाकांवर उभी राहते. मात्र पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साचतात. तेथे उघडा बल्ब किंवा ठिणगी उडवणारे यंत्र नेऊ नये.

हाच विचार ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ट्रॉलीला तंतोतंत लागू पडतो, आणि खानदेशात ट्रॉली प्रत्येक गावात असल्यामुळे तिचा उल्लेख टाळता येत नाही. ट्रॉलीची पेटी वर उचलून तिच्याखाली माणूस वाकतो आणि गळणारा तेलाचा पाइप पान्याने सोडवू लागतो. त्या क्षणी पेटीला फक्त त्या पाइपातल्या तेलाने धरलेले असते. जोड ढिला झाला की तेल निघते आणि पेटी खाली येते. तिच्याखालून बाजूला होण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही. पेटी रिकामी करून, चेसी आणि पेटी यांच्यामध्ये लोखंडी टेकू देऊन, पेटी त्या टेकूवर खरोखर टेकवून, मगच पाइपला हात लावायचा असतो. टेकू नसेल तर पेटी खाली उतरवून पाइप बाजूने काढता येतो का, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा येतो.

मिस्त्रींच्या रस्त्यावरच्या कामाच्या पेटीत आता बाभळीच्या चार उट्या, स्लीपरचे दोन तुकडे, एक पत्रा आणि पिनेच्या दोन घोड्या असतात. हे सारे मोटारसायकलवर मावत नाही, म्हणून त्यांनी जुनी तीनचाकी मालगाडी घेतली, आणि तिच्यात एक ताडपत्री व चार बांबूही ठेवले, म्हणजे गाडी सावलीकडे न्यावी लागू नये, सावलीच गाडीवर आणता यावी. मुलगा चौथ्या महिन्यात कामावर परतला. पहिल्या आठवड्यात एका छोट्या मालवाहू गाडीचा सायलेन्सर उतरवायचा होता. त्याने चाकांना उट्या लावल्या, दोन्ही घोड्या बसवल्या, गाडी हलवून पाहिली आणि मग मिस्त्रींना बोलावून विचारले की सायलेन्सर निघाल्यावर या गाडीला धरणारे काही कमी होते का. काही कमी होत नव्हते. तो खाली गेला.